सेल नसेल तर गेम घ्यायला हातच उठत नाही, तुमचं पण असंच काय?

शहापूरकर_साडी (बेळगाव)

मंडळी, थेट विचारतो. स्टीमवर, म्हणजे कम्प्युटर गेमच्या त्या ऑनलाइन दुकानात, पूर्ण किमतीला शेवटचा गेम कधी घेतलात, आठवतंय काय कुणाला? मला तर आठवेना.

परवा मित्रानं एक गेम सुचवला. छोटा, एका शनिवार-रविवारात संपेल असा, किंमत पाचशेच्या आत. तेवढ्यात आजकाल ब्लाऊजची बरी शिलाई होत नाही. ट्रेलर बघितला, आवडला, आणि बोट आपोआप विशलिस्टवर, म्हणजे पुढं कधीतरी घ्यायच्या यादीवर गेलं. का, तर पुढंमागं सत्तर टक्के सुटेल, दीडशेला आला की घेऊ. म्हणजे तीनशे-साडेतीनशे रुपयांसाठी मी कित्येक महिने थांबणार, आणि तोवर खेळायची हौस विझून गेलेली असणार. बरं, दीडशेला घेऊन तरी खेळतो काय? लायब्ररीतले अर्ध्याहून जास्त गेम इन्स्टॉलसुद्धा केलेले नाहीत. सगळे सेलमधले.

मी शहापुरात साडीच्या दुकानात बसतो. तिसरी पिढी. त्यामुळं सेल हा प्रकार काउंटरच्या अलीकडनं पण माहीत आहे आणि पलीकडनं पण. आषाढात लग्नं नाहीत, गिऱ्हाईक नाही, म्हणून आमच्या भागात जिथं बघाल तिथं आषाढ सेलचे बोर्ड. स्टीमचा समर सेल पण त्याच सुमाराला, जूनअखेरीला. २०२५ ला तर गंमतच झाली, आषाढ लागला २६ जूनला आणि समर सेल पण २६ जूनलाच. दिवसभर मी सूट देत बसायचं आणि रात्री शटर ओढलं की सूट घेत बसायचं.

तर आमच्याकडं काय होतं, सांगतो. बाराशेची साडी आषाढात आठशेला लावली, की श्रावणात तीच बाई येऊन म्हणते, "ही मागल्या महिन्यात आठशेला होती नव्हं?" ती नाही आली तर तिची जाऊ येते. ती साडी आता कायमची आठशेची झाली. बाराशे म्हटलं की मी लुटालोय. वडील म्हणूनच सेलच्या विरोधात. त्यांचं म्हणणं, एकदा उतरलेला भाव परत चढत नाही. काका म्हणतात, जरीचा माल तीन वर्षं घडीत पडला तर घडीवर तुटतो, मग तो काय भावानं विकणार? दोघंही बरोबर, आणि दोघांचं दर जूनला भांडण ठरलेलं.

पण गेमला घडी नाही, गोडाऊन नाही, व्याजानं उचललेला माल नाही. लाखावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच कोरी. मग हे लोक वर्षातनं इतक्या वेळा पन्नास-साठ टक्के कशासाठी काढालेत? कुठला रॅक रिकामा करायचाय? मला वाटायला लागलंय की पूर्ण किंमत म्हणजे नुसती खोडून दाखवायला लिहिलेला आकडा झालाय. आणि ज्याच्या भावावर आपला विश्वास नाही, तो गेम पण आपण मनावर घेत नाही.

कुणी गेम बनवणारं असेल, कुणी नुसतं खेळणारं असेल, सांगा. हे माझंच डोकं असं चालतंय की सगळ्यांचंच?

---

वखारवाला (निपाणी, सध्या पुणे)

दादा, मी पलीकडच्या बाजूचा. पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे, आणि रात्री जागून स्वतःचा एक छोटा गेम करालोय. निपाणीतली तंबाखूची वखार, रात्रपाळीचा वॉचमन, कोडी सोडवत बाहेर पडायचं, असा. नाव नंतर सांगतो. त्यामुळं किंमत आणि सूट या विषयावर सध्या माझी झोप उडालेलीच आहे.

आधी एक गोष्ट. मोठ्या सेलचे दिवस स्टीम ठरवतं, पण कुठल्या गेमला किती सूट हे गेमवालाच ठरवतो. स्टीम नियम घालून देतं. सूट दहा टक्क्यांच्या खाली नाही, नव्वदच्या वर नाही. एक सूट संपली की, मोठे सीझनचे सेल सोडले तर, पुढची लावायला ३० दिवस थांबायचं. किंमत वाढवली तरी पुढचे ३० दिवस सूट बंद. म्हणजे आदल्या आठवड्यात भाव चढवायचा आणि मग "निम्म्या किमतीत" म्हणून बोर्ड लावायचा, हा तुमच्या बाजारातला खेळ इथं चालत नाही. (रागावू नका, दिवाळीला बेळगावलाच कपडे घेतोय आम्ही, माहीत आहे सगळं.)

आता आम्ही एवढी सूट का लावतो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांच्या वर नवीन गेम आले. त्या गर्दीत निपाणीची वखार कुणाच्या नजरेला पडणार? ज्यानं विशलिस्टला टाकलाय त्याला स्टीम आपणहून मेल पाठवतं, पण सूट किमान २० टक्के असेल तर. मोठ्या सेलच्या पानावर दिसायचं तरी सूट पाहिजेच. त्यामुळं माझ्या वहीत सूट ही जाहिरातीच्या खात्यात पडते. आणि या जाहिरातीचे पैसे आधी मोजावे लागत नाहीत, विक्री झाली तरच त्यातनं कापले जातात. हातात पैसे नसलेल्या माणसाला याहून सोयीची जाहिरात कुठली?

ही सवय लागली कशी, ते पण बघा. २००९ च्या फेब्रुवारीत स्टीमची मालक कंपनी वाल्व, तिच्या गेब न्यूएलनी गेमवाल्यांच्या डाइस परिषदेत आकडे मांडले. सेलमध्ये दहा टक्के सूट दिलेल्यांची कमाई ३५ टक्क्यांनी वाढली, पन्नास टक्केवाल्यांची ३२० टक्क्यांनी, आणि पंचाहत्तरवाल्यांची १,४७० टक्क्यांनी. लक्षात घ्या, नग नव्हे, पैसे. लेफ्ट फोर डेड हा गेम बाजारात येऊन तीन महिने झाले होते, तो निम्म्या किमतीला लावला तर विक्री ३,००० टक्क्यांनी उसळली. गोडाऊन नाही म्हणून सूट कशाला, असं तुम्ही विचारता. गोडाऊन नाही म्हणूनच तर ही सूट परवडते! साडी खरेदीच्या खाली विकली की खिशातनं जातात. माझी हजारावी प्रत विकायला मला वेगळा खर्चच नाही. स्टीमचे ३० टक्के गेले, कर गेला, उरलं ते माझं. दीडशेला विकला तरी "काहीच नाही" पेक्षा दीडशे बरे.

पण सगळेच या रांगेत नाहीत. जेसन रोरर नावाच्या डेव्हलपरनं २०१४ ला द कॅसल डॉक्ट्रिन हा गेम काढताना जाहीर सांगितलं की माझ्या गेमला सेल लागणार नाही, उलट किंमत टप्प्याटप्प्यानं वाढणार. अर्धवट असताना आठ डॉलर, लाँचला बारा, नंतर सोळा. त्याचा मुद्दा असा की सततच्या सेलमध्ये सगळ्यात जास्त मार कुणाला बसतो, तर जो तुमच्यावर विश्वास ठेवून पहिल्या दिवशी घेतो त्याला. तो सगळ्यात महाग घेतो, आणि महिन्यानं काठावर बसलेला माणूस निम्म्यात नेतो. फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेमवाले पण तसेच हट्टी. प्रागची वुब सॉफ्टवेअर. कधी सेल नाही. उलट २०१८ ला वीस डॉलरचे तीस केले आणि जानेवारी २०२३ ला महागाई वाढली म्हणून तीसचे पस्तीस.

ईए या मोठ्या गेम कंपनीच्या तेव्हाच्या ओरिजिन या ऑनलाइन स्टोअरचे प्रमुख डेव्हिड डीमार्टिनी २०१२ ला म्हणाले होते की ७५ टक्क्यांच्या सेलनं गेमची किंमतच उतरते. पुढं ओरिजिनवर पण मोठमोठे सेल लागलेच. बोलणं सोपं आहे.

---

जांबोटी_रोड (खानापूर)

अण्णा, वाईट वाटून घेऊ नका, पण "पाचशेच्या आत" हे दुकानात बसून म्हणता येतंय. मी बेळगावला बीसीए करालोय, घर खानापूरच्या पुढं. माझ्यासाठी पूर्ण किंमत हा विषयच नाही. आता मोठा नवीन गेम चार-पाच हजारांवर गेलाय. तेवढ्यात माझा महिना जातोय, बस आणि मेस धरून. सेल नसता तर मी गेम विकत घेतलाच नसता, पेन ड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत आणली असती, आधी सगळी आणत होतीच तसं. विकत घ्यायची सवयच आम्हाला सेलनं लागली. रुपयात भाव स्टीमवर आले ते पण २०१५ च्या नोव्हेंबरला. त्याआधी डॉलर आणि क्रेडिट कार्ड. आमच्या घरात क्रेडिट कार्ड कोण बघितलंय?

दुसरं, सेलमधला गेम उघडत नाही म्हणता ते मला पटत नाही. आमच्याकडं उघडावाच लागतो! रेड डेड रिडेम्पशन २ ला दीडशे जीबी जागा लागते. घरी मोबाइलचं नेट, त्यात पाऊस लागला की टॉवर कधी आहे कधी नाही. ते घरी उतरवायचं म्हणजे पुढची परीक्षा येईल. म्हणून आरपीडी क्रॉसला मित्राच्या रूमवर फायबर आहे, तिथं हार्ड डिस्क घेऊन जायची, रात्रभर लावायचं, सकाळी कॉलेजच्या बॅगेतनं घरी. लॅपटॉपमध्ये जागा करायला आधीचा गेम उडवायचा. एवढं सगळं करून कोण न खेळता ठेवेल? मी त्यातली मासेमारी पण पूर्ण केलीय.

म्हणजे बघा, तोच गेम, तीच सूट. तुम्हाला तो कमी वाटालाय कारण तुमचं नेट चांगलं आहे आणि पगारपाणी चांगलं आहे. दोष सेलचा कुठं आला त्यात?

(आणि फोनवरचे फुकटचे गेम बघा एकदा. गेम फुकट, पण आत "ही स्किन (पात्राचा नवा पोशाख) आज रात्री बारापर्यंतच". माझ्या चुलत भावानं त्यात घातलेले पैसे मोजले तर तुमचे सगळे सेल कमी पडतील.)

---

टिळकवाडीची_टीचर

मी हायस्कूलला शिकवते आणि मुलाच्या निमित्ताने हातात घेतलेला कंट्रोलर आता मीच सोडत नाही. आमच्याकडे पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन आहे, जुनाच. त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळ्या दिशेचा.

आम्ही सुरुवातीला डिस्क घ्यायचो. गॉड ऑफ वॉर घेतला, खेळून झाल्यावर विकला, त्या पैशात थोडी भर घालून दुसरा घेतला. एका गेममागे प्रत्यक्षात जायचे तीनशे-चारशे. म्हणजे तेव्हाही आम्ही पूर्ण किंमत देत नव्हतो, पण डिस्कची एक पत होती. ती ओरखडू नये म्हणून मुलगा जपायचा. कव्हर हरवलं तर घरात शोधाशोध व्हायची, कारण कव्हर नसेल तर घेणारा शंभर रुपये कमी करतो. नंतर ऑनलाइन स्टोअरवर तोच गेम डिस्कच्या जुन्या भावापेक्षाही खाली यायला लागला. मग आमच्या डिस्कला कोण विचारणार? विकायला गेलो तर दुकानदार म्हणाला, मॅडम, हा तर सेलमध्ये याच्या निम्म्यात मिळतोय. आता डिजिटलच घेतो. ते परत विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच आला की डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. स्टीमने त्याच्या थोडं आधीच खरेदीच्या पानावर तशी ओळ टाकली. माझ्या मते भाव तिथे पडला. जे विकता येत नाही त्याला माणूस मालमत्ता म्हणून बघत नाही.

आणि सेलपेक्षा फुकटने जास्त नुकसान केलं, असं मी म्हणेन. एपिकचं स्टोअर, स्टीमसारखंच दुसरं दुकान, डिसेंबर २०१८ ला सुरू झालं तेव्हापासून ते गेम फुकट वाटतात. मे २०२० ला त्यांनी जीटीए फाइव्ह हा गाजलेला गेम फुकट दिला, तेव्हा साइटच कोसळली होती. मुलाने माझ्या शाळेच्या कामाच्या लॅपटॉपवर एपिकचं खातं काढलंय आणि दर गुरुवारी न चुकता गेम "घेतो". त्या लॅपटॉपवर त्यातला एकही चालणार नाही. मी विचारलं, कशाला घेतोस? तर म्हणे, सोडायचा कशाला.

शहापूरकर, तुमच्या मूळ मुद्द्यावर मात्र शंका आहे. स्वस्तात घेतलं म्हणून वापरलं जात नाही, हे खरं आहे का? माझ्या कपाटात पूर्ण भाव देऊन घेतलेली पैठणी आहे, घडी मोडलेली नाही. आणि सेलमधली एक सुती साडी आहे, ती मी आठवड्यातून एकदा शाळेला नेसते. तुम्ही तर हे रोज बघत असाल.

---

शहापूरकर_साडी (बेळगाव)

टीचर, तुमच्या पैठणीनं मला गप्पच केलं की ओ. खरं आहे. घरोघरी बघालोय, भारी साडी कपाटात आणि सेलची अंगावर. पण एक फरक सांगतो. ती पैठणी तुम्ही वापरली नाही तरी ती काय आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. लेकीला, सुनेला देणार. माझ्या लायब्ररीतले गेम मला आठवत पण नाहीत. एकदा घेतलेला गेमच दुसऱ्यांदा घ्यायला गेलो, तर स्टीमनंच सांगितलं की हा तुझ्याकडं आहे बाबा.

खानापूरच्या भावा, तुझं सगळं मान्य. हार्ड डिस्कचं तर फारच. एवढंच म्हणतो, तू वाट बघतोस ती पैसे नाहीत म्हणून. मी पैसे असून वाट बघालोय. माझा त्रास तिथं आहे. तुझ्यासाठी सेल दार उघडतोय, माझ्यासाठी तोच दारात आडवा बसलाय.

वखारवाल्यानं फॅक्टोरिओचं नाव काढलं म्हणून आठवलं, पूर्ण किमतीला घेतलेला गेम मला आठवत नव्हता तो हाच! तेव्हा विशलिस्टला टाकायला गेलो, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं की याला सेल कधीच लागत नाही, थांबू नका. झालं, त्या रात्रीच घेतला. थांबण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, तर विचार कशाचा करायचा? घ्यायचा की नाही एवढंच ठरवायचं. आणि घेतला तो खेळलो पण, जुलैच्या पावसात दुकानात माणूस फिरकत नव्हतं तेव्हा काउंटरखाली लॅपटॉप ठेवून. वडिलांना वाटत होतं जीएसटीचं काम चाललंय. पट्ट्यावरनं लोखंड जातंय, तांबं जातंय, कुठं अडलं की शोधा. आमच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्या एका मित्राला दाखवला तर तो म्हणाला, मी दिवसभर हेच करतो, रात्री पण हेच करू काय?

आता वाटतं माझा राग सूट किती यावर नसावा. कधी लागेल याचा अंदाज नसतो, त्यावर असावा. आषाढ सेलला कारण आहे आणि तारीख आहे. गिऱ्हाईकाला माहीत असतं की लग्नाचा बस्ता असेल तर आषाढाची वाट बघून चालत नाही, मार्गशीर्षात लागेल तेव्हा लागेल त्या भावानं घ्यायचं. आणि घरात नेसायला घ्यायची असेल तर खुशाल थांबायचं. दोघंही समाधानी, कुणी फसलं म्हणत नाही. जावेचं भांडण होतं ते आम्ही आषाढाबाहेर, कारण नसताना, शेजारच्यानं लावला म्हणून सेल लावला की. एका वर्षी काकांनी लागोपाठ लावले होते. त्यानंतर गिऱ्हाईक साडी हातात घ्यायच्या आधीच "सेल कधी?" विचारायला लागलं. कापड बघेना, काठ बघेना, नुसती चिठ्ठी बघालंय.

स्टीमवर पण पूर्वी असंच होतं म्हणे, सेलमध्ये आणखी काही तासांपुरती जास्त सुटीची फ्लॅश डील. लोक शेवटच्या दिवसापर्यंत काही घेत नव्हते, न जाणो आणखी उतरला तर. २०१५ च्या ऑटम सेलपासून ते बंद केलं, एकदा लागलेली सूट सेल संपेपर्यंत तीच. मला वाटतं त्यांनी केलेल्या कामातलं हे सगळ्यात शहाणं. त्याच वर्षी जूनला रिफंड पण सुरू केलं होतं, १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. मग भाव रोज बदलून चालणार कसं?

पण सेल अजिबात बंद करा म्हणणाऱ्यांना एक सांगतो. अमेरिकेत जेसी पेनी नावाची कपड्यांची मोठी कंपनी आहे. ॲपलच्या दुकानांचा साहेब रॉन जॉन्सन तिथं आला आणि २०१२ ला त्यानं कूपन-सेल सगळं काढून टाकलं. रोज एकच भाव, सरळ हिशेब. त्या वर्षी विक्री पाव हिश्श्यानं घसरली. २०१३ च्या एप्रिलला त्याला जावं लागलं आणि सेल परत आले. हे मी वडिलांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, त्याच्या गिऱ्हाईकाला आधीच्यांनी बिघडवलं होतं, त्यात त्याची काय चूक. काका हसले आणि बोर्ड रंगवायला दिला.

---

वखारवाला (निपाणी, सध्या पुणे)

दादा, वडील भारी आहेत.

फॅक्टोरिओबद्दल एकच. त्यांचा गेम चालला होता, लोक एकमेकांना सांगत होते, मग "सेल नाही" हा बोर्ड शोभतो. माझ्या गेमला कुणी ओळखत नाही. मी तो बोर्ड लावला तर वाचणार कोण? रोररचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण त्याचं नाव आधीपासून होतं.

तारखेचा मुद्दा मात्र डोक्यात बसला. आता काही लपत पण नाही, स्टीमडीबी या वेबसाइटवर कुठल्याही गेमचा सगळ्यात खालचा भाव आणि तारीख दिसते. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईकाच्या खिशात ती जाऊ बसलेली आहे. त्यामुळं एकदा उतरलो की उतरलो. पुण्यात मित्र म्हणतात, लाँचलाच किंमत चढी ठेव, म्हणजे पुढं साठ टक्के काढायला जागा राहते. मला ते कसंतरीच वाटतं, पण सगळे तसंच करतात. तुम्ही काय केलं असतं? गेम चार-पाच तासांचा आहे. वाल्वचं टूल डॉलरवरनं रुपयातला आकडा सुचवतं, पण तो घ्यायचाच असं नाही.

---

शहापूरकर_साडी (बेळगाव)

चढी ठेवू नको. चढा भाव ठेवून साठ टक्के काढणारा माणूस गिऱ्हाईकाला एकच शिकवतो, की पहिला भाव ऐकायचा नाही. मी सांगतो ते कर. तुला स्वतःला मित्राकडनं घेताना लाज वाटणार नाही असा आकडा ठेव. चार-पाच तासांचा आहे तर साडेतीनशे ठेव. लाँचला दहा टक्के सोड, पहिल्या आठवड्यात येणाऱ्यांचा मान म्हणून. रोररवाला मुद्दा तिथं निम्मा तरी सुटतो, पहिला आलेला महाग घेणारा ठरत नाही. पुढं वर्षभर वीसच्या वर जाऊ नको, मेलपुरतं तेवढं पुरतंय म्हणतोस ना? आणि लावशील तर समर आणि विंटर, दोनदाच. पानावर तसं लिहून टाक सरळ, की वर्षात दोनदाच लागेल आणि एवढाच लागेल. शब्द दिलास तर मोडू नको. वर्षानंतर जुना झाला की खाली आण, कोण काही म्हणत नाही, जुना माल जुन्या भावानं जातोच.

विक्री थोडी कमी होईल सुरुवातीला. वडिलांनी तीस वर्षं तेच सोसलंय.

---

टिळकवाडीची_टीचर

साडेतीनशे ठीक आहे. फक्त एक विनंती, पहिला अर्धा तास फुकट डेमो ठेवा. कोडी माझ्या आवाक्यातली आहेत का ते कळलं तर मी सेलची वाट बघणार नाही. दोन तासांचं रिफंड आहे हे खरं, पण चार तासांच्या गेममधले दोन तास खेळून पैसे परत मागायचे म्हणजे मला तरी बरं वाटत नाही. विद्यार्थी मागतात, मला माहीत आहे.

आणि वॉचमन मराठीत बोलणार की इंग्रजीत? निपाणीचा असेल तर कानडीही येत असणार त्याला.

---

वखारवाला (निपाणी, सध्या पुणे)

टीचर, तिन्ही. शिव्या फक्त मराठीत.

डेमोचं करतो. दादा, दिवाळीत गावाकडं येणार आहे, तेव्हा खेळण्यासारखं काहीतरी तयार असेल. शहापूरला येऊन दाखवू काय?

---

शहापूरकर_साडी (बेळगाव)

ये की. पाडव्याच्या आधी येऊ नको फक्त, तेव्हा पाणी प्यायला सवड नसते. भाऊबीज झाली की दुपारी ये, काउंटरखालची जागा रिकामी करून ठेवतो.

---

जांबोटी_रोड (खानापूर)

मी पण येतो अण्णा. माझा लॅपटॉप आणतो. त्याच्यावर चालला तर कुठंही चालेल. किती जीबीचा आहे ते आधी सांगा.

---

वखारवाला (निपाणी, सध्या पुणे)

दोन जीबीच्या आत. मोबाइलच्या नेटवर उतरेल, पाऊस असला तरी.